निरोप पुसणारे विकर आणि थकलेले हृदय

"डॉक्टरसाहेब, हृदयाची ताकद तीस टक्क्यांवर आली म्हणता. मग ताकदीची गोळी द्यायची सोडून ठोके कमी करायची गोळी का देता?"

प्रश्न विचारला तो एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी. आमच्या भागात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. वय ६८. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला आणि तेव्हापासून हृदयाचा स्नायू दुबळा झाला आहे. इकोच्या रिपोर्टात 'पंपिंग ३० टक्के' असे लिहून आले होते. येथे एक गैरसमज दूर करतो. निरोगी माणसाचे पंपिंगही १०० टक्के नसते. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर फेकले जाते, बाकीचे आतच राहते. तेव्हा ३० टक्के म्हणजे सत्तर टक्के हृदय बंद पडले असे नव्हे. पण निम्म्याने कमी झाले, हे खरे.

बाहेर पंधरा पेशंट बसलेले होते. मी घाईत म्हणालो, "गुरुजी, थकलेल्या बैलाला पराणी टोचून एक चढ चढवता येतो. पण पुढच्या हंगामाला तो बैल दावणीला राहत नाही." गुरुजी हसले, पण चाळीस वर्षे शाळेत काढलेला माणूस, बैलाच्या गोष्टीवर त्यांचे समाधान कसे व्हावे? "ती पराणी म्हणजे नेमकं काय, ते सांगा," म्हणाले. सवडीने लिहून सांगतो असे मी कबूल केले. हा लेख म्हणजे ती सवड.

त्याच दिवशी गुरुजींनी छातीत अधूनमधून धडधडते अशीही तक्रार केली होती. त्यांच्या हातात औषधांची कापडी पिशवी होती आणि ती मी उघडून पाहिली नाही. त्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

जिना चढताना, कोणाशी कडाक्याचे भांडण झाल्यावर किंवा रात्री अंगणात साप दिसल्यावर छाती धडधडू लागते, हा अनुभव सर्वांनाच आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सोडतात, आणि हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचे भावंड नॉरअ‍ॅड्रेनॅलिन झिरपते. हृदय जोरात आणि भराभर चालू लागते. गंमत अशी, की हे अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाच्या पेशीत शिरतच नाही. ते फक्त दारावरची कडी वाजवते. या कड्यांना आम्ही बीटा रिसेप्टर म्हणतो. कडी वाजली की पेशीच्या आत दुसराच एक निरोप्या तयार होतो आणि घरभर पळत सुटतो.

हा आतला निरोप्या शोधून काढला अर्ल सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९५० च्या दशकात. तो यकृताच्या पेशींवर काम करीत होता. त्याने पेशी फोडल्या, त्यांच्या आवरणाचे तुकडे वेगळे केले आणि त्यांच्यावर अ‍ॅड्रेनॅलिन घातले. त्यातून जो पदार्थ तयार झाला तो उकळला, तरी त्याचा गुण गेला नाही. अंडे उकडले की घट्ट होते ते पुन्हा पातळ होत नाही, कारण उष्णतेने प्रथिने बिघडतात. हा पदार्थ उकळूनही टिकला. म्हणजे ते प्रथिन नव्हते, कोणता तरी लहानसा रेणू होता. त्याचे नाव सायक्लिक एएमपी. सदरलँडला यासाठी १९७१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही एकट्याला.

हृदयाच्या पेशीत हा सायक्लिक एएमपी काय करतो? तो कॅल्शियमची दारे मोकळी करतो. कॅल्शियम म्हटले की लोकांना हाडे आठवतात, पण स्नायूचे आकुंचनही कॅल्शियमवरच चालते. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आत कॅल्शियमची एक लाट उठते, स्नायूचे धागे एकमेकांत सरकतात आणि ठोका पडतो. मग ते सगळे कॅल्शियम पुन्हा कोठारात भरले जाते आणि हृदय सैल पडते. मिनिटाला सत्तर वेळा, दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे चालते. सायक्लिक एएमपी वाढला की लाट मोठी होते आणि भरणाही लवकर होतो. ठोका जोरदार पडतो, तो यामुळे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. साप निघून गेला, भांडण मिटले. तरी निरोप आत तसाच घुमत राहिला तर? शाळेत एका तासाचे गणित फळ्यावर तसेच राहिले तर पुढच्या गुरुजींनी धडा कोठे लिहायचा? फळा पुसणारा मॉनिटर लागतोच. हृदयाच्या पेशीतला हा मॉनिटर म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज नावाचे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत विकर. नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून डॉक्टर मंडळी नुसते पीडीई म्हणतात. सायक्लिक म्हणजे कड्यासारखा. निरोपाच्या रेणूत अणूंचे एक कडे असते, पीडीई ते एका ठिकाणी तोडते. कडे तुटले की निरोप संपला. हे काम अखंड चालू असते. निरोप एकीकडे लिहिला जात असतो आणि दुसरीकडे पुसला जात असतो. त्या दोहोंच्या मेळावर हृदयाचा जोर ठरतो.

सदरलँड व त्याचा सहकारी बुचर यांनी १९६२ मध्ये या विकराचे सविस्तर वर्णन केले आणि कॉफीतले कॅफीन व चहाच्या जातीतले थिओफिलीन त्याला अडवतात, हेही दाखवले. दम्यावर कडक कॉफी द्यावी असे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री हाइड सॉल्टर या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलेच होते. (म्हणून चहा-कॉफी सोडा असे मी म्हणत नाही. एक-दोन कपांत असणारे कॅफीन पीडीईला फारसे अडवत नाही, त्याची तरतरी वेगळ्या मार्गाने येते.) थिओफिलीनचे मात्र तसे नाही. मी इंटर्न होतो त्या काळात धाप लागलेला कोणीही आला की अमिनोफिलीनचे इंजेक्शन शिरेतून देत असू. अमिनोफिलीन म्हणजे विरघळण्याजोगे केलेले थिओफिलीन. ते हळू द्यावे लागे, घाई झाली की पेशंट छातीला हात लावून म्हणे, "डॉक्टर, काळीज तोंडात आलं." श्वासनळ्या मोकळ्या व्हायच्या आणि हृदय मात्र घोड्यासारखे उधळायचे. आजही दम्याच्या जुन्या पेशंटांच्या घरी या गोळ्या असतात आणि धाप वाढली की ते मनानेच एकीच्या दोन घेतात. हृदय दुबळे असणाऱ्याने असे करू नये. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत या औषधाचे अंतर थोडे आहे.

पीडीई एकच नाही. आज त्यांची ११ घराणी माहीत आहेत आणि प्रत्येकाचे वतन वेगळे आहे. हृदयाच्या स्नायूत तिसरे घराणे महत्त्वाचे, त्याला पीडीई-३ म्हणतात. आता विचार करा, तुम्ही १९८० च्या सुमाराचे औषधशास्त्रज्ञ आहात. समोर दुबळ्या हृदयाचे पेशंट आहेत. पाय सुजलेले, रात्री उशाला तीन उशा. तुम्हाला माहीत आहे की निरोप वाढला की ठोका जोरदार होतो, आणि निरोप पुसणाऱ्याचा हात धरला की निरोप वाढतो. मग तुम्ही काय कराल? पुसणाऱ्याचा हात धरणारे औषध शोधाल. तसेच झाले. प्रथम अ‍ॅम्रिनोन आले, नंतर मिलरिनोन. शिवाय पीडीई-३ रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असल्यामुळे या औषधांनी रक्तवाहिन्या सैल होत. म्हणजे पंप जोरदार आणि पुढचा अडथळाही कमी, दुहेरी फायदा. छोट्या अभ्यासांतून पेशंट पूर्वीपेक्षा जास्त चालू लागल्याचे दिसले. गुरुजींना हवी होती ती ताकदीची गोळी जणू सापडली होती.

मग मोठी परीक्षा झाली. अमेरिकेतील डॉ. मिल्टन पॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय फार दुबळे झालेले १०८८ पेशंट घेतले. सर्वांची नेहमीची औषधे चालूच ठेवली. त्यात काहींना मिलरिनोनच्या गोळ्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या नुसत्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. हा अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. मिलरिनोन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त होते. त्यातही ज्यांची अवस्था सर्वांत वाईट होती, बसल्या जागी ज्यांना धाप लागत होती, त्यांच्यात ते ५३ टक्क्यांनी जास्त. म्हणजे ज्याला ताकदीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ताकदीच्या गोळीने सर्वांत जास्त मारले. नुसत्या गोळ्यांपेक्षा ती गोळी घेणाऱ्यांना दवाखान्यात भरतीही जास्त वेळा व्हावे लागले.

मी तेव्हा मेडिकलचा विद्यार्थी होतो. ग्रंथालयात बसून परदेशी मासिके वाचणाऱ्यांतला मी नव्हतो, हे कबूल करतो. हा अभ्यास मला कळला तो फार पुढे. पण आजही माझ्याकडे येऊन 'अशक्तपणा आहे, एखादी ताकदीची सलाईन लावा' असे म्हणणारे रोज दोघे तरी असतात. त्यांना नाही म्हणताना मला हे १०८८ पेशंट आठवतात.

असे का झाले, ते समजून घेणे कठीण नाही. हृदय दुबळे झाले की शरीर आपण होऊन अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा वाढवते. रक्त कमी पोहोचते आहे ना, मग हृदयाला आणखी टोचा, असा शरीराचा जुना हिशेब आहे. जखम होऊन रक्त गेले असेल तर तो हिशेब बरोबर ठरतो. पण दोन-चार वर्षे सतत टोचत राहिल्यावर पेशी दारावरच्या कड्याच काढून टाकू लागते. निरोप कमी व्हावा म्हणून ती स्वतःच धडपडत असते. अशा वेळी आपण आत जाऊन पुसणाऱ्याचा हात धरला, तर पेशीने केलेला बचाव आपणच मोडला. कॅल्शियमच्या लाटा भलत्या वेळी उठू लागतात, ठोक्यांची लय बिघडते आणि एखाद्या वेळी ती अशी बिघडते की माणूस जागच्या जागी कोसळतो. शिवाय जोर लावायला प्राणवायू लागतो; आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याने तो आणायचा कोठून?

मग मिलरिनोन वाईट औषध का? तसे नाही. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, रक्तदाब आणि लघवी सांभाळून, मॉनिटर लावून, थोडा काळ शिरेतून ते आजही दिले जाते आणि त्याने जीव वाचतात. अवघड चढाला बैलाला एकदा टोचावे लागते. रोज सकाळ-संध्याकाळ टोचायचे नाही, इतकेच.

दुसऱ्या बाजूला एक उलटीच हकीकत घडत होती. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे फिन वागस्टीन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सात पेशंटांची माहिती प्रसिद्ध केली. दुबळ्या हृदयाच्या या पेशंटांना त्यांनी बीटा ब्लॉकर दिले होते, म्हणजे दारावरच्या कड्यांना फडके गुंडाळणारे औषध. निरोप वाढवण्याऐवजी कमी करणारे! आणि पेशंट सुधारले. कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. आमच्या वेळी परीक्षेत हार्ट फेल्युअरच्या पेशंटला बीटा ब्लॉकर द्या असे लिहिले असते, तर परीक्षकांनी पेपर तोंडावर फेकला असता. पण १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांचे दोन मोठे अभ्यास एकाच वर्षी प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. गुरुजींची ठोके कमी करणारी गोळी ती हीच. ती अगदी थोड्या मात्रेने सुरू करून आठवड्यागणिक वाढवायची असते. पहिले काही दिवस थकवा जास्तच वाटतो, आणि नेमके तेव्हाच लोक ती मनाने बंद करतात. ती अचानक बंद करणे धोक्याचे आहे, हे येथे ठळकपणे सांगतो.

आता एक शंका उरते. सायक्लिक एएमपी जर संपूर्ण पेशीत पसरतो, तर साप दिसल्यावर हृदयाच्या पेशीतले सगळेच व्यवहार एकदम का वाढत नाहीत? पुष्कळ वर्षे असे समजले जात होते की पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, निरोप आला की सगळीकडे सारखा पसरणार. इटलीतल्या पादुआ येथे मॅन्युएला झाक्कोलो आणि तुल्लिओ पोझ्झान यांनी २००२ मध्ये उंदराच्या पिलांच्या हृदयपेशींत चमकणारी खूण सोडून हा निरोप प्रत्यक्ष पाहिला. तो सगळीकडे नव्हता. ठिकठिकाणी त्याची लहान लहान तळी साचली होती, आणि त्यांना पसरू न देणारा बांध कोणता, तर पीडीई.

पाटाच्या पाण्यावर शेत भिजवणाऱ्याला हे सांगायला नको. रात्री दारे धरायला गेलेला माणूस एका वेळी एकच वाफा भरतो. बांध धड असला तर गव्हाचे पाणी गव्हाला आणि कांद्याचे कांद्याला मिळते. बांध फुटले की सगळ्या रानात पाणी होते. कोठे पीक पिवळे पडते, कोठे माती वाहून जाते. पीडीईला सरसकट अडवणे म्हणजे सगळे बांध एकदम फोडणे होय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले, की कॅल्शियमच्या कोठाराच्या दारावरच चौथ्या घराण्याचा एक पीडीई पहाऱ्याला बसलेला असतो. तो नसलेल्या उंदरांत कोठाराचे दार गळू लागले, हृदय दुबळे झाले आणि ठोक्यांची लय बिघडली. माणसाच्या निकामी होत आलेल्या हृदयातही त्या दारावरचा हा पहारेकरी कमी झालेला आढळला.

याची दुसरी बाजू तुर्कस्तानातल्या एका कुटुंबात दिसते. १९७३ मध्ये त्याची माहिती प्रथम प्रसिद्ध झाली. पिढ्यान्‌पिढ्या या घरातल्या काही जणांची बोटे आखूड आणि रक्तदाब भयंकर. उपचार न मिळालेले पन्नाशीच्या आत मेंदूतील रक्तस्रावाने जात. २०१५ मध्ये कळले की त्यांच्या पीडीई-३ च्या जनुकात दोष आहे आणि त्यामुळे हे विकर प्रमाणाबाहेर काम करते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला निरोप फार लवकर पुसला जातो, त्या सैल पडत नाहीत, म्हणून रक्तदाब वाढतो. पण इतका रक्तदाब वर्षानुवर्षे सोसूनही त्यांची हृदये व्हायला हवी होती तितकी खराब झालेली नव्हती. २०२२ मध्ये त्याच गटाने दाखवले की हृदयातले हे अतिउद्योगी विकरच त्याचे रक्षण करीत होते. पुसणारा दांडगा असला की हृदय टिकते, आणि त्याचा हात धरला की ढासळते. वीस-तीस वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन गोष्टी एकमेकींना किती जुळतात पाहा.

हृदय आणि रक्तवाहिन्यांत दुसराही एक निरोप्या आहे, सायक्लिक जीएमपी. त्याचा स्वभाव थंड. तो रक्तवाहिन्या सैल करतो. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी हाच निरोप्या वाढवते, म्हणून छातीतली कळ थांबते. त्याला पुसणारे विकर म्हणजे पाचवे घराणे, पीडीई-५. त्याला अडवणारे औषध इंग्लंडमधील सँडविच गावच्या फायझरच्या प्रयोगशाळेत छातीच्या कळेसाठी म्हणूनच तयार केले होते. कळेवर त्याचा विशेष उपयोग दिसला नाही, पण चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. ते सिल्डेनाफिल, १९९८ पासून जगभर गाजलेले. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याच्या आजारावरही ते २००५ पासून मान्य आहे. आमच्याकडच्या एका सात वर्षांच्या मुलीला मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी त्यासाठीच ते लिहून दिले होते. औषधाच्या दुकानातल्या पोराने चिठ्ठी वाचून भुवया उंचावल्या, आणि तिची आई रडत माझ्याकडे आली. तिला समजावायला अर्धा तास लागला. मग हेच औषध ताठर झालेल्या हृदयाला उपयोगी पडेल या आशेने २१६ पेशंटांवर अभ्यास झाला, पण २०१३ साली आलेल्या निकालात काहीच फायदा दिसला नाही.

या औषधाबद्दल जे सांगायचे आहे ते जरा संकोचाचे आहे, पण सांगितलेच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता पन्नाशीच्या एका गृहस्थाला छातीत कळ येते म्हणून माझ्याकडे आणले. घामाने निथळत होते. सॉर्बिट्रेटची गोळी माझ्या बोटांत होती. काय वाटले कोण जाणे, मी त्यांच्या पत्नीला म्हणालो, "वहिनी, जरा बाहेर थांबता का, पट्टी काढायची आहे." दार लोटून त्यांना थेट विचारले. त्यांनी मान हलवली. चार तासांपूर्वी घेतली होती, मित्राने दिलेली. मी हातातली गोळी परत डबीत टाकली. एक औषध सायक्लिक जीएमपीचा नळ सोडते आणि दुसरे त्याची मोरी बुजवते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब असा कोसळतो की पुढे काही करायला वेळ मिळत नाही. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास जिभेखालची गोळी चालत नाही. त्यांना अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, ईसीजीची पट्टी काढून हातात ठेवली आणि १०८ च्या गाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. जाताना चिठ्ठीवर ती गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिली, कारण तिकडे विचारले तर ते पत्नीसमोर पुन्हा नाही म्हणतील याची मला खात्री होती. ते वाचले. त्यांनी ती गोळी का घेतली, हा माझा विषय नाही. पण घेतली आहे हे डॉक्टरला सांगणे हा जिवाचा विषय आहे. आणखी एक. 'पूर्ण आयुर्वेदिक' म्हणून बाजारात, जत्रेत विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांत हेच सिल्डेनाफिल मिसळलेले असू शकते. अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना तसे वेळोवेळी सापडले आहे.

आता गुरुजींची पिशवी.

गुरुजींना चालताना पोटऱ्या भरून येत. तीन-चारशे पावले झाली की थांबावे लागे. पूर्वीच्या बिड्यांमुळे पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. मुलाने त्यांना शहरात दाखवले, तेथे सिलोस्टॅझॉल नावाच्या गोळ्या मिळाल्या. पायांसाठी ते चांगले औषध आहे, त्याने चालण्याचे अंतर वाढते. पण ते काम कसे करते? पीडीई-३ ला अडवून. मिलरिनोनचे ते चुलत भावंड. म्हणूनच अमेरिकेत ते १९९९ मध्ये मान्य झाले तेव्हापासून त्याच्या वेष्टनावर चौकटीत इशारा छापलेला असतो, की हृदय कमी-जास्त कितीही दुबळे असेल तरी हे देऊ नये. त्या डॉक्टरांनी पाय पाहिले, इकोचा कागद त्यांच्यापुढे आलाच नाही. तो माझ्या दवाखान्यातल्या फाइलमध्ये होता. आणि गोळ्या पिशवीत होत्या, त्या मी पाहिल्या नाहीत. म्हणजे अर्धी गोष्ट त्यांच्याकडे होती, अर्धी माझ्याकडे आणि दोन्ही गुरुजींच्या हातात. बीटा ब्लॉकर देऊन मी कड्यांना फडके गुंडाळत होतो आणि दुसरी गोळी आत मॉनिटरचा हात धरून बसली होती. असे सहा आठवडे चालले.

पुढच्या खेपेला धडधड कमी नाही म्हणून ईसीजी काढला. मधूनच जास्तीचे ठोके पडत होते. तेव्हा पिशवी उलटी केली. सिलोस्टॅझॉल त्याच दिवशी बंद केले, शहरातल्या डॉक्टरांना फोन केला; त्यांनीही लगेच मान्य केले. दोन आठवड्यांत धडधड गेली. ती त्या गोळीमुळेच होती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, झटका येऊन गेलेल्या हृदयात जास्तीचे ठोके तसेही पडतात. पण मला बरे वाटले नाही, आणि ते गुरुजींना मी सांगितले. "चूक मान्य करणाऱ्याला आम्ही छडी मारत नसू," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

पायांसाठी आता अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि चालणे, इतकेच ठेवले आहे. पोटरी दुखेपर्यंत चालायचे, दुखली की थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे. असे अर्धा तास, आठवड्यातून निदान तीन दिवस. या साध्या उपायाने अंतर खरोखरच वाढते. गुरुजी हल्ली घरापासून बसस्टँडपर्यंत एकदाच थांबून जातात.

दर महिन्याला ते आले की पिशवी टेबलावर ओतल्याशिवाय मी बी.पी.चा पट्टा बांधत नाही. परवा तिच्यातून त्यांच्या पत्नीच्या थायरॉइडच्या गोळ्या निघाल्या. "या कोण खातं?" म्हणून विचारले, तर गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्या पाकिटाकडे पाहत राहिले.